सवण्याखालची परात

माझ्या हॉलमध्ये माती येत नाही. चपला बाहेर, डबा बाहेर, तंबाखू तर रस्त्याच्याही पलीकडे. एकोणीस वर्षं मी या कला महाविद्यालयाचा प्रदर्शनाचा हॉल सांभाळतोय आणि अजून त्याच्या फरशीत तोंड दिसतं. त्यामुळे गेल्या फेब्रुवारीत ऋतुजा नावाची पोरगी ट्रॅक्टरभर पांढरी माती घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. तिच्या हातात प्राचार्यांच्या सहीचं पत्र होतं. सहीपुढे शहाणपण चालत नाही. मी कुलूप काढलं आणि तिच्याकडे पाठ करून बसलो.

ऋतुजा कुर्डुवाडीची, वडील रेल्वेत. बडोद्याला शिल्पकला शिकून आलेली. तिला हॉलच्या मधोमध माती, तुराट्या आणि लिंबाचा पाला यांची एक खोली उभी करायची होती. नाव ठेवलं होतं 'आसरा'.

"म्हणजे घर," मी म्हणालो.

"घर नाही काका, मांडणशिल्प. लोकांनी आत उभं राहून वर बघायचं. दहा दिवसांत पंख्याच्या वाऱ्यानं छपराला भेगा पडतील, माती हळूहळू खाली झरेल. आसरा किती नाजूक असतो ते दिसलं पाहिजे."

"आणि झाडायचं कोणी?"

याचं उत्तर बडोद्याला शिकवलेलं नसावं.

ट्रॅक्टरमध्ये मातीच्या ढिगावर एक म्हातारा बसून आला होता. पासष्टी उलटलेला, वाळल्या शेंगेसारखा किडकिडीत, कपाळाला विभूती, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. हा मडिवाळप्पा. अक्कलकोटच्या पुढच्या एका खेड्यातला, म्हणजे तोंडात अर्धं मराठी, अर्धं कन्नड. तीन पिढ्या या घराण्याचा धंदा एकच, धाबं घालण्याचा. धाबं म्हणजे आमच्याकडचं सपाट मातीचं छप्पर: खाली लाकडं, त्यावर तुराट्या, त्यावर पाला, चिखल आणि सगळ्यात वर वीतभर पांढरी माती चोपून बसवलेली. आता सगळ्यांना स्लॅब हवा. मडिवाळप्पा मुलाकडे सोलापुरात येऊन राहिला होता आणि एका रोपवाटिकेत काळ्या पिशव्यांत माती भरत होता. ऋतुजाला तो तिथंच सापडला.

आत आल्यावर त्यानं आधी माझ्या हॉलचं छत निरखलं.

"वर सलॅब हाय की," तो ऋतुजाला म्हणाला. "मग त्याच्या खाली आनिक धाबं कशाला?"

मी मनातल्या मनात त्याला शाबासकी दिली. म्हटलं, एक तरी शहाणा आला.

पण या शहाण्याच्या पायाला भिंगरी होती. दोन मजूर भिंती उभारत होते तोवर तो हॉलभर फिरत राही. जेवायला बसला की दोन घास खाऊन उठे आणि पुन्हा माती चिमटीत धरून बघे. चहाचा कप हातात, नजर वर. मी ओरडलो, "आप्पा, जरा बुड टेका की!" तर टेकल्यासारखं करी आणि मी पेपर उलटेपर्यंत पुन्हा शिडीवर. एवढी घाई म्हणावी, तर कामात मात्र उलट. एकेक थर बोटांनी मोजून घाली, चिखल चार बोटं, माती एक वीत, आणि ओठांत काहीतरी पुटपुटे. कुठली तरी जुनी गोष्ट आठवून तशीच्या तशी पुन्हा मांडावी, असं त्याचं चाललं होतं.

छपराच्या एका कोपऱ्यात त्यानं हातभर रुंदीचं भोक ठेवलं. त्याला सवणं म्हणतात. खाली चूल असते, धूर त्यातून जातो, उजेड त्यातून येतो; भोवती मातीचा काठ असतो आणि पावसात वर घमेलं पालथं घालतात. ऋतुजाला ते फार आवडलं. नवव्या दिवशी मडिवाळप्पा वर धुम्मस घेऊन माती चोपत होता आणि ही बरोबर त्या सवण्याखाली मांडी घालून काड्यांची ताटी विणत बसली होती. धुम्मस म्हणजे माती ठोकायचं जड लाकडी ठोकणं. बाकी सगळ्या छपरावर त्यानं असे घाव घातले की माझ्या खिडक्यांच्या काचा वाजल्या. सवण्यापाशी आल्यावर मात्र हात एकदम हलका केला, लेकराला थोपटावं तसा. खालच्या पोरीच्या डोक्यावर माती पडू नये म्हणून. मी ते बघितलं आणि म्हटलं, माणूस सज्जन आहे.

रविवारी उद्घाटन झालं. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. लोक आत जाऊन वर बघत आणि "वा" म्हणून बाहेर येत. मडिवाळप्पाचं काम संपलं होतं. पण सोमवारी सकाळी आठ वाजता मी कुलूप उघडायला आलो, तर हा पायरीवर हजर.

"आता काय राहिलं?"

"काय न्हाय साहेब. बगून जातो."

तो रोज येऊ लागला. ऋतुजा अकराला यायची. बुधवारी ती कपाळाला आठ्या घालून खोलीत उभी राहिली. एकही भेग नव्हती. पंखे फुल्ल, दिवे तापलेले, आणि छप्पर आपलं ठणठणीत. गुरुवारी मी मडिवाळप्पाला आत सोडलं, चहाला जातो म्हणून निघालो आणि मागच्या दारानं गुपचूप परत आलो. तो शिडीवर होता. तांब्यातल्या पाण्यात बोटं बुडवून भेगा लिंपत होता.

मला चुगली करायची सवय नाही, पण हॉल माझा आहे. मी ऋतुजाला सांगितलं. ती भडकली.

"आप्पा, भेगा पडू द्यायच्या होत्या! त्याच तर दाखवायच्यात मला!"

"भेगा दाकवत्यात व्हय?" मडिवाळप्पाही चढ्या आवाजात म्हणाला. "भेगा बुजवत्यात. तुमाला पडकं धाबं पायजे हुतं तर दुसरा कुनी बगायचा. माज्या हातानं पडकं हुनार न्हाय."

मग हातातला तांब्या एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिला. आणि हळू म्हणाला, "का हुतंय, तेच बगायचंय."

त्या दिवशी ऋतुजा तणतणत निघून गेली, आणि मडिवाळप्पा माझ्या टेबलापाशी आला. रोज येता-जाता जे मागत होता तेच पुन्हा मागितलं.

"साहेब, अकरा घागरी पानी द्या."

ही मागणी मला पाठ झाली होती. माझं उत्तरही त्याला पाठ होतं. शहरात नळ येतो चौथ्या-पाचव्या दिवशी. महाविद्यालयाच्या टाकीचं पाणी पोरांना प्यायला पुरत नाही, आणि हा माझ्या पॉलिश केलेल्या फरशीवर, स्लॅबखालच्या छपरावर अकरा घागरी ओतणार! खुळ्याचा बाजार.

"कशाला?" पहिल्यांदाच विचारलं मी. एवढे दिवस नुसतं नाही म्हणत होतो.

तो त्या दिवशी खुर्चीवर बसला. अगदी कडेला, पण बसला.

त्यांच्या घराण्यात एक रीत होती. नवं धाबं तयार झालं की घरधनी वर जाऊन अकरा घागरी पाणी ओततो. धाबं घालणारा खाली, सवण्याच्या बाजूला, मांडीवर परात घेऊन बसतो. परातीत घरधनिणीनं आणलेलं ज्वारीचं कोरडं पीठ. थेंब पडला तर पिठात खळगा उमटतो, लपत नाही. पीठ कोरडं राहिलं तर त्याच पिठाची पहिली भाकरी धाबं घालणाऱ्याला. ओलं झालं तर धाबं उकरून पुन्हा घालायचं, आणि जेवण तोवर बंद. "माजा बा म्हनायचा, मानसाला इचारू नगंस. मानूस गोड बोलतंय. पिठाला इचार."

मडिवाळप्पानं दीडशेच्या वर धाबी घातली. प्रत्येक वेळी पिठाला विचारलं. एकदाच नाही विचारलं. बहिणीच्या घरी.

शिवबाई त्याची धाकटी बहीण. त्याच गावात दिलेली, कल्लप्पा नावाच्या गरीब माणसाला. मे महिन्यात तिचं धाबं घातलं तेव्हा गावची विहीर कोरडी होती. टँकर दोन दिवसांनी यायचा, बायका घागरीसाठी एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या. अशा दिवसांत अकरा घागरी मातीवर ओतायच्या? आणि सख्ख्या बहिणीपुढं कसली परीक्षा? शिवबाईनं भाकरी थापली, आणि मडिवाळप्पानं ती खाल्ली.

"न कमावलेली भाकर खाल्ली मी, साहेब."

त्या वर्षी ऑक्टोबरात पाऊस लागला. कोण विसरलंय तो पाऊस! चौथ्या दिवशी पहाटे शिवबाई म्हैस सोडायला गोठ्यात गेली. मागं धाबं बसलं. कल्लप्पा चुलीपाशी निजलेला होता, तो त्याखालीच गेला.

"सगळे म्हनले, पावसाचा दोष हाय. सलॅबाची घरं बी गळली म्हनले. शिवबाई बी तेच म्हनती. पन गावात माजी चौदा धाबी उभी ऱ्हायली, साहेब. चौदा! हेच का पडलं?" तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला. "पाच वर्सं झाली, एकाच्या बी डोक्यावर धाबं घातलं न्हाय. धाडस हुईना. ही पोरगी म्हनली, ह्यात कुनी ऱ्हानार न्हाय. म्हनून आलो. शिवबाईचं जसं घातलं हुतं तसंच घातलंय. तीच माती गावाकडनं आनली, तेच थर, तसंच सवणं. आता मला कळाया पायजे. माजा हात चुकला, का पाऊस."

"आणि हात चुकला असेल तर?"

"तर कळंल की."

मी चाव्या उचलल्या आणि हॉल बंद करायला लागलो. नियमाचा माणूस मी. पण घरी गेलो आणि जेवण गेलं नाही. त्या दिवशी नळ आला होता. बायकोनं पिंप, हंडे, बादल्या, कुकरसुद्धा भरून ठेवला होता. मी त्या पाण्याकडे बघत बसलो. मला त्या म्हाताऱ्याचा राग आला होता, खरं सांगतो. आपलं दुखणं आणून त्यानं माझ्या हॉलमध्ये टाकलं होतं, आणि मला ते झाडून बाहेर काढता येत नव्हतं.

सकाळी मी ऋतुजाला सगळं सांगितलं.  ती एवढंच म्हणाली, "काका, शेवटच्या दिवशी करू. मी ताडपत्री आणते." मी रिक्षा करून घरचं पिंप आणवलं. बायको काय बोलली ते इथं लिहीत नाही.

पीठ मात्र घरधनिणीच्याच घरचं हवं. मडिवाळप्पानं मुलाच्या फोनवरून बहिणीला निरोप दिला, तुझ्या घरचं पीठ घेऊन ये. कशाला, हे तिनं विचारलं नाही.

शिवबाई अक्कलकोटला एका पत्र्याच्या खोलीत राहते, दुकानातली ज्वारी निवडते. एसटीनं आली, पिठाची पिशवी पदराखाली धरून. भावापेक्षा ठेंगणी, तशीच किडकिडीत. दारातून ती खोली दिसताच थबकली. भिंतीपासून सवण्यापर्यंत तिचंच घर हॉलमध्ये उभं होतं. ती आत यायला तयार होईना. माझ्या टेबलाची कड धरून उभी राहिली.

"तंगी, बा," मडिवाळप्पा म्हणाला. धाकट्या बहिणीला त्यांच्यात तंगी म्हणतात, आणि बा म्हणजे ये. ती आली नाही, पण पिशवी पुढं केली. त्यानं पीठ परातीत ओतलं, हातानं सारखं केलं, आणि सवण्याच्या कडेला परात मांडीवर घेऊन बसला.

"वर घरधनी लागतो," तो मला म्हणाला. "हितलं घरधनी तुमीच की."

अशा रीतीनं एकोणीस वर्षांत जे पाप कुणाला करू दिलं नव्हतं, ते मी स्वतः करायला शिडी चढलो. ऋतुजा खालून घागर देत होती. मी ओतत होतो. माती पाणी प्यायली, गडद झाली, मग जास्तीचं पाणी उताराला लागून पन्हळीतून बादलीत पडू लागलं. तीन घागरी. चार. वरून मला सवण्यातून त्याची टोपी दिसत होती आणि परातीतलं पांढरं पीठ. सहा. सात. तो हलत नव्हता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो माणूस हलत नव्हता, आणि शिडीवर मीच चुळबुळ करत होतो.

आठवी घागर ओतली आणि सवण्याच्या काठाची माती जराशी खचली. एक थेंब काडीवरून ओघळला, लोंबकळला आणि पिठात पडला. मग दुसरा. मग धारच लागली.

"साकु," खालून आवाज आला. पुरे.

मी उतरलो. मडिवाळप्पा पिठातल्या खळग्याकडे बघत होता. मला वाटलं, आता हा रडणार. पण त्याचा चेहरा उलट शांत झाला होता, ताप उतरल्यावर होतो तसा.

"सवण्याच्या कडंला धुम्मस हळू पडला," तो म्हणाला. "खाली ही पोरगी बसली हुती. डोक्यात माती पडंल म्हनून." मग थांबून, बहिणीकडे न बघता, "तवा तू बी तितंच बसली हुतीस. भाकरी थापत. माती पडंल तुज्या पिठात, म्हनून म्या हात हलका केला. माजाच हात, तंगी. पाऊस नव्हं."

 शिवबाई टेबल सोडून दोन पावलं पुढं आली.

"मला म्हाईत हुतं अण्णा."

त्यानं मान वर केली.

"जूनमधीच टिपकत हुतं. ह्याच कोपऱ्यात. मी पातेलं ठेवायची. ह्यांनी म्हनलं, भावाला सांग. मी म्हनलं, नगं. एवढा नावाजलेला मानूस, त्याला काय सांगायचं, तुजं धाबं गळतंय म्हनून? तुला लागंल म्हनलं." तिनं परातीकडे बोट केलं. "चार म्हैनं पातेलं ठिवलं. सांगितलं असतं तर एका दिसात बुजवलं असतंस तू. मग मानूस गेल्यावर कुटल्या तोंडानं सांगू? तू सोताला दोष देत फिरायचास आन मी म्हनायची, पाऊस हुता, पाऊस हुता."

मला वाटलं, आता हा उठून तिच्या थोबाडीत मारेल, आणि मारली असती तरी मी मध्ये पडलो नसतो. पाच वर्षं त्या माणसानं स्वतःला जाळलं होतं, आणि ही बाई पाणी घेऊन शेजारी गप्प उभी होती. पण तिच्याकडे बघितलं आणि राग टिकला नाही. तीही तशीच जळली होती.

मडिवाळप्पानं परात खाली ठेवली. धोतर खोचलं. धुम्मस उचलला.

"समदी भायेर व्हा," तो म्हणाला.

"आप्पा, उद्या तर मोडायचंच आहे सगळं," ऋतुजा म्हणाली.

"मोडा की उद्या."

आम्ही व्हरांड्यात थांबलो. आतून घाव ऐकू येऊ लागले. प्रत्येक घावाला खिडकीची काच वाजत होती. शिवबाई पायरीवर बसून पदराचं टोक पिळत होती. ऋतुजा तिच्याजवळ जाऊन बसली. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होतो, कुणीतरी मलाच म्हणावं, जरा बुड टेका की.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोडणारे मजूर आले, त्यांना मी चहाला पाठवलं. पिंपातलं उरलंसुरलं पाणी, टाकीतल्या दोन घागरी आणि शेजारच्या हॉटेलातून उसनं आणलेलं, असं करून अकरा घागरी जमवल्या. मडिवाळप्पानं शिवबाईच्या पिशवीत उरलेल्या पिठाची परात उचलली, आणि शिवबाई त्याच्या आडवी आली. रात्री ती त्याच्याकडेच राहिली होती.

"मी बसते," ती म्हणाली.

त्यानं परात तिच्या हातात दिली.

तिला त्या खोलीत पाऊल टाकायला किती वेळ लागला ते मला शिडीवरून दिसत होतं. उंबऱ्यावर ती उभी राहिली, वर बघितलं, भिंतीला हात लावून आत आली. सवण्याखाली, जिथं तिची चूल असायची तिथं, मांडी घालून बसली. डोळे गच्च मिटले. मी ओतायला सुरुवात केली. मडिवाळप्पा भिंतीला टेकून उभा होता आणि प्रत्येक घागरीला एकेक बोट दुमडत होता. आठव्या घागरीला माझा हात थांबला. "नीर हाकरी," तो म्हणाला. ओता. मी ओतली. नववी. दहावी. अकरावी.

शिवबाईनं डोळे उघडले. पिठावर हात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

दुपारपर्यंत सगळं मोडून झालं. माती ट्रॅक्टरमध्ये गेली. ऋतुजानं माझ्याबरोबर फरशी पुसली, तीनदा, तरी सवणं होतं त्या जागी एक पांढुरका डाग राहिला. पुन्हा पॉलिश करून घ्यायला हवं. अजून घेतलेलं नाही.

त्या दिवशी मी डबा उघडायला व्हरांड्यात आलो, तर दोघं पायरीवर बसली होती. शिवबाई मागच्या चहाच्या टपरीवर जाऊन, त्यांच्या चुलीवर भाकरी करून घेऊन आली होती. एकच. बरोबर लसणाची चटणी. मडिवाळप्पाच्या मांडीवर ती भाकरी होती आणि तो तिच्याकडे नुसता बघत होता.

"खा की अण्णा," ती म्हणाली. "कमावलेली हाय."

त्यानं भाकरी मोडली. पहिला तुकडा तिच्या तोंडात घातला. मग सावकाश, न उठता, शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.